मासे बुजतात

संपादक दोस्तानं कविता मागितली होती. म्हणाला, महाडवर लिही, २०२७ ला शंभर वर्षं होतायत, आपल्या अंकात तळ्यावरच्या चार तरी कविता पाहिजेत. मी बसलो. रात्रपाळीहून आल्यावर बसलो, सुट्टीच्या दिवशी बसलो. 'तळं' असा शब्द लिहिला की पुढं 'वणवा', 'सूर्य', 'ज्वाला' आपोआप येऊन उभे राहतात, मस्टरवर हजेरी लावायला आल्यासारखे. पाण्याला आग लागलेल्या कविता आपण सगळ्यांनीच लिहिल्यात. मीही लिहिल्यात. या वेळी नाही जमलं. कारण या उन्हाळ्यात मी खरोखरच्या तळ्यात उतरलो, छातीएवढ्या पाण्यात, आणि तिथं आग नव्हती. गाळ होता. शेवाळ होतं. माझी दोन पोरं होती. म्हणून हे गद्य. चालवून घ्या.

आधी घर सांगतो. सोलापुरात पत्र्याची खोली, दहा बाय बारा. मी, बायको, थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा, आणि शाळा सुटली की बहिणीचा पोरगा सुट्टीला येतो, तो दहाचा. पारा त्रेचाळीसच्या वर गेला की पेपरात येतं. पत्र्याखाली किती जातो ते मोजायला अजून कुणी आलेलं नाही. बायको विड्या वळते. पंखा लावला तर पानं वाळून कडक होतात आणि सुपातली तंबाखू उडते, म्हणून हजार भरेपर्यंत पंखा बंद. पोरांनी घामेजून भिंतीला चिकटून बसायचं. मी सूतगिरणीत, रिंग खात्यात. तिथं धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडतात, मशीन लावून. सुताला कोरडा उन्हाळा सोसत नाही, त्याची सोय आहे.

नळ गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी यायचा, तोही अपरात्री. दोन पिंपं, सात घागरी, एक प्लास्टिकचा टप. त्यात पाच दिवस. तीन पोरांना मिळून एक बादली आंघोळ. अंगावरून ओघळलेलं पाणी खाली टपात धरायचं आणि त्यातच कपडे. धाकट्याला त्या टपात बसायचं असायचं आणि थोरलीला पोहायचं असायचं. टपात कसं पोहणार? मग ती सांडलेल्या पाण्यात, फरशीवर पालथी पडायची आणि हातपाय मारायची. कोपरं खरचटायची. टीव्हीत कुठंतरी बघितलं होतं तिनं. मी रात्रपाळी करून तिथंच बाजूला झोपलेला. झोपेत माझ्या बरगडीत तिची लाथ.

आमच्या खोलीत कॅलेंडर आहे, जयंतीला वाटतात त्यातलं. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायरीवर, ओंजळीत पाणी. एका दुपारी थोरली त्याच्याकडं बघत बसली होती. म्हणाली, "पप्पा, बाबासाहेब पोहले का नाहीत?"

मी म्हणालो, "अगं, पिऊच देत नव्हते. पोहतील कुठनं?"

"मग पिऊन झाल्यावर?"

मला हसू आलं. बायको विडीला दोरा बांधता बांधता थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. तू एवढं लिहितोस, भाषणं करतोस, दे आता उत्तर. पिऊन झाल्यावर डोकी फुटली, हे सात वर्षांच्या पोरीला सांगायचं की नाही, या विचारात मी गप्प बसलो. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री रिंग फ्रेमच्या दोन रांगांमधून येरझारा घालताना, तुटलेली टोकं जोडताना तोच घोळत राहिला.

आमच्या घरात कुणालाच पोहता येत नाही. आज्ज्याला येत नव्हतं, बापाला येत नाही, मला येत नव्हतं. आईचं, बहिणीचं विचारूच नका. तुम्ही जे वाचताय, आपापल्या घरात एकदा मोजून बघा. गावाकडं बाकीची पोरं कशी शिकतात? बापाच्या, नाहीतर चुलत्याच्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधतात आणि देतात ढकलून. चार उन्हाळ्यात पोरगं मासा होतं. त्याला विहीर लागते. आपली विहीर नव्हती, आणि त्यांच्या विहिरीच्या काठाला जाणंसुद्धा मार खाण्याचं काम होतं. घागरीत वरून ओतलेल्या पाण्यात कोण पोहायला शिकलंय? लोक म्हणतात या लोकांना पाण्याची भीती असते. भीती पाण्याची नव्हती, काठावरच्या माणसाची होती. बाप पोराला दम द्यायचा, विहिरीकडं जायचं नाही. ते पोर बाप झालं की तोच दम पुढं. मग कधीतरी शहरात आलेली आपली पोरं उन्हाळ्यात दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात नाहीतर कालव्यात उतरतात आणि वर येत नाहीत. बातमीत 'पोहता येत नसल्याने' एवढंच असतं. का येत नव्हतं, ते नसतं.

हे सगळं मी मनात ठेवलं असतं आणि विसरून गेलो असतो. पण मे महिन्यात गिरणीत माल पडून राहिला आणि दहा दिवसांचा ले-ऑफ लागला. अर्ध्या पगारात पत्र्याखाली बसण्यापेक्षा गावाला जाऊ म्हटलं. आज्जी तिकडंच असते, चुलत्यापाशी.

गाव मंगळवेढा तालुक्यात. सोलापूरहून एसटीनं मंगळवेढा, तिथून पुढं दुसरी गाडी, मग पायी. मंगळवेढा म्हटलं की लोकांना ज्वारी आठवते. मला चोखोबा आठवतो. १३३८ साली इथंच गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तो खाली सापडला. ज्या कुसाच्या आत त्याला घर नव्हतं, त्या कुसाच्या भिंतीसाठी त्याला राबायला नेलं होतं. बाबासाहेबांनी १९४८ चं अस्पृश्यांवरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलंय. आपल्यातले काहीजण चोखोबाला नुसता टाळकुट्या म्हणून मोडीत काढतात. मला ते पटत नाही. तो कामावर मेलेला माणूस आहे. आमच्या खात्यातला कोणी मशीनखाली सापडला तर आम्ही आधी त्याची भक्ती विचारत नाही.

असो. तळ्याकडं येतो.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळातला. एरवी वैशाखात त्याच्या तळाला भेगा पडलेल्या असतात, त्यात शेळ्या बसतात. पण मागचा पावसाळा अतोनात झाला, म्हणून या वर्षी मे महिन्यातही मधोमध पाणी होतं. पोरांनी बांधावर चढून ते बघितलं आणि किंचाळलीच. त्यांनी एवढं पाणी एका जागी उघड्यावर कधी बघितलेलंच नव्हतं. धाकटा म्हणाला, "हे कुणाचं पिंप आहे?"

आज्जी आमच्या मागनं काठी टेकत आली होती. तिचं वय तिला माहीत नाही, पंच्याहत्तरीच्या आसपास असेल. ती बांधावर बसली, हातानं जमीन चापलली, म्हणाली, "ह्यो समदा आमच्या टकुऱ्यावनं आलाय."

पुस्तकात मी ७२ च्या दुष्काळाबद्दल वाचलं होतं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. खडी फोडायला, रस्त्यावर, नाला बंडिंगवर, तलावावर. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा झाला. पण आज्जीला ऐकताना कळलं की पन्नास लाख हा आकडा म्हणजे एकेक टोपलं आहे. खंतीत मापात खांदायचं, कमी भरलं की मजुरी कापायची. रोजाला दोन-तीन रुपये पडायचे, तेही आठवड्यानं, तेही मुकादमाच्या मर्जीनं. सुकडी मिळायची, रेशनला तांबडी मिलो यायची अमेरिकेहून. ज्वारीच्या कोठारात बसून माणसं परदेशची मिलो खात होती.

आणि बांध कसा असतो ते तिनं मला शिकवलं. मला वाटायचं माती टाकली की झाला बांध. नाही. आधी मधोमध खोल चर खणायचा, खालचा कठीण थर लागेपर्यंत. त्यात काळी माती पाणी मारून, तुडवून तुडवून भरायची. बांधाच्या पोटातही काळीच माती, कारण ती पाणी धरते. वरून मुरूम, कारण काळी माती वर ठेवली तर उन्हात भेगाळते. पाण्याच्या अंगाला दगडांचं पिचिंग. एका टोकाला सांडवा, जास्तीचं पाणी जायला. "त्यो सांडव्यापासला मोठा धोंडा दिसतोय न्हवं, त्यो सा बायांनी वढला," ती म्हणाली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई बांधाचा अख्खा छेद सांगत होती. इंजिनियरला याचा दाखला मिळतो. तिला मिळाला नाही.

एकदा खंतीची दरड ढासळली, एक बाई कमरेपर्यंत गाडली गेली. बायांनी हातानं उकरून काढली. त्या दिवसाचा रोज दोघींच्याही नावावर पडला नाही, गाडलेलीच्याही आणि काढणारीच्याही. आज्जी हे सांगताना हसत होती. मला नाही हसता आलं.

माझा बाप तेव्हा वर्षाचा नव्हता. बाभळीला झोळी बांधून आज्जी त्याला तिथं टाकायची. कामावरच्या सगळ्याच बायांची पोरं तशीच, झाडाझाडाला झोळ्या, एक म्हातारी बाई राखायला. म्हणजे त्या उन्हाळ्यातही घरातली लहान पोरं तळ्यावरच होती. तळं कोरडं होतं एवढंच. पाणी प्यायला एक पिंप, त्यावर दोन डबे. आपला डबा गंजका. दुष्काळ सगळ्यांना सारखा होता असं म्हणतात ना, त्यांना हा गंजका डबा सांगा.

आणि तलाव भरला त्याचं पुढं काय? पाझर तलावाला कालवा नसतो. पाणी जमिनीत मुरतं आणि बांधाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या विहिरींना लागतं. आज्जीला जमीन नव्हती, आजही नाही. टोपली आपली, पाझर त्यांचा. हे कुणी कट करून केलं असं नाही, त्याची गरजच नाही. नुसतं कागदावर 'लाभक्षेत्र' म्हणायचं. ज्याच्याकडं विहीर त्याला लाभ, ज्याच्याकडं डोकं त्याला टोपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उतरलो. मी, तिन्ही पोरं. बायको पदर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात. मला शिकवलं कुणी? गुरं राखणाऱ्या एका पोरानं. बारा-तेरा वर्षांचा असेल, दुसऱ्या वस्तीवरचा, अकरा म्हशी घेऊन यायचा. मला पाण्यात तडफडताना बघून त्याला राहवलं नाही. म्हणाला, "काका, आवं सायकल हाय व्हय ती? पाय मागं मारा." मी अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि तो मला हनुवटीखाली हात धरून पाण्यावर निजवत होता. त्यानंच सांगितलं की तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून पाठीला बांधायचा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब चुलत्यानं कुठूनशी आणली. पहिल्या दिवशी मी पाणी प्यालो तेवढं चवदार तळ्यावरसुद्धा कुणी प्यालं नसेल.

आमचं बघून वस्तीतली अजून दोन पोरं आली. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवर एकजण बांधावर आला. नाव लिहीत नाही, त्याच्या नावाशी मला काम नाही. वरूनच ओरडला.

"ए, निघा भायेर! कुणाची हायत रं ही पोरं?"

"माझी," मी म्हणालो.

"तू कुणाचा?"

मी आज्ज्याचं नाव सांगितलं. नाव ऐकल्यावर त्याचा आवाज खाली आला. वर गेला नाही, खाली आला. गोड झाला. "आसं आसं. सोलापूरला आसतोस न्हवं? बरं केलंस, गावाकडं आलास. पर पोरं काढ बाबा भायेर. तळं आमी ठेक्यानं घेतलंय. मासे बुजत्यात."

त्याच वेळी पाण्यात अकरा म्हशी बसल्या होत्या. कान हलवत.

थोरलीनं विचारलं. खोडी म्हणून नाही, तिला खरंच कळेना म्हणून. "काका, मग म्हशींना मासे बुजत नाहीत?"

त्यानं उत्तर दिलं नाही. गुराखी पोरगं म्हशींकडं तोंड करून उभं राहिलं, गप्प. त्यालाही उद्या तिथंच गुरं पाजायची होती, त्याचं गप्प राहणं मला कळलं. आणि बांधावरून आज्जीचा आवाज आला. "या रं लेकरांनो भायेर. या. नगा त्येंच्या वाकड्यात जाऊ." जिच्या डोक्यावरून तो बांध आला, ती आमच्या पोरांना बाहेर बोलवत होती. मला त्या ठेकेवाल्याचा एवढा राग आला नाही जेवढा त्या हाकेचा आला. हाक तिची नव्हती. तिच्या आईची होती, तिच्याही आईची होती.

पोरं बाहेर आली. मी आलो नाही. उभा राहिलो छातीएवढ्या पाण्यात. तोही थोडा वेळ उभा राहिला, मग "बगतो" म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी वस्तीत बैठकच बसली. एक जवान पोरगा, कॉलेजात जाणारा, म्हणाला, ॲट्रॉसिटी टाकू. मी म्हणालो, १९८९ चा कायदा आहे, चांगला आहे, रक्त सांडून मिळालाय, पण तो माणूस बोलला काय ते आठव. जातीचं नाव काढलं? शिवी दिली? 'बरं केलंस गावाकडं आलास' म्हणाला. आता कुणी जात काढत नाही, दोस्तहो. आता मासे बुजतात. आता विमा नसतो, परवानगी नसते, सुरक्षेचा प्रश्न असतो, समितीचा ठराव असतो. आपण जुन्या भाषेची वाट बघत बसतो आणि ते नव्या भाषेत आपल्याला बाहेर काढून मोकळे होतात.

अर्थात ही भाषा तितकीशी नवी नाही. महाडची कागदपत्रं कुणी नीट वाचली तर दिसेल. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी पैशातून बांधलेली, सरकारी पैशातून राखलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते खरं केलं. तेव्हा दंगा करणारे म्हणाले, धर्म बाटला. शेणमूत ओतून तळं शुद्ध केलं. पण कोर्टात गेल्यावर काय म्हणाले? तिथं धर्मावर भागलं नाही, तिथं म्हणाले तळं खाजगी आहे, आमच्या मालकीचं आहे. त्यावर बाबासाहेबांना दहा वर्षं झगडावं लागलं, थेट १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल लागला. रस्त्यावर धर्म आणि कोर्टात मालकी. ओंजळीचं चित्र आपण कॅलेंडरवर लावलं, दहा वर्षांचा खटला लावला नाही. खटल्याचं चित्र निघत नाही हे खरं आहे. पण आमच्या तळ्यावर मला त्या खटल्याची आठवण झाली, ओंजळीची नाही.

मग संविधानाचं पंधरावं कलम काढलं, मोबाइलवर, कंदिलासारखा मधे ठेवून. लाइट गेली होती. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात सरकारी पैशानं पूर्ण किंवा थोड्या प्रमाणात राखलेल्या ठिकाणांची यादी आहे. त्यात विहिरी आहेत, तलाव आहेत आणि आंघोळीचे घाटही आहेत. मी ते वाचलं आणि थोरलीचा प्रश्न आठवला. पिऊन झाल्यावर काय? लिहिणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबवलेलं नाही. आंघोळीपर्यंत आणून ठेवलंय. नुसती तहान भागवायची असती तर घाटाची गरज नव्हती.

चुलता म्हणाला, कलम खरं, पण ठेका? मी म्हणालो, ठेका माशांचा असेल. पाण्याचा नसतो. ते तरी कागदावर बघितल्याशिवाय कशावरून मानायचं? चुलत्याला ऊस तोडायला त्याच लोकांच्या रानात जावं लागतं, तो पुढं बोलला नाही. त्याला मी दोष देत नाही. मी दहा दिवसांचा पाहुणा. राहायचं त्याला.

आज्जी सगळं ऐकत होती, भिंतीला टेकून. तिनं एकच विचारलं, "म्हशी किती हुत्या म्हणलास?"

"अकरा."

ती काही बोलली नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती पोरांना उठवत होती. "चला रं, ऊन चडायच्या आत." स्वतः पुढं. काठी टेकत. वस्तीतली मिळून नऊ पोरं मागं. ती पिचिंगच्या दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले, आणि पोरं उतरेपर्यंत हलली नाही. बायको त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात आली. विड्या वळून तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं काळी पडलीत, ती तिनं पाण्यात धरून ठेवली होती, बराच वेळ. मोटारसायकल आली. बांधावर थांबली. तो फोनवर कुणाशी तरी बोलला, नऊ पोरं, दोन बाया, एक मी आणि अकरा म्हशी असा हिशेब बघितला आणि गेला. त्यानंतर आम्ही असेपर्यंत आला नाही. याला मी विजय म्हणत नाही. दहा दिवसांनी आम्ही गेल्यावर काय, हे त्यालाही माहीत होतं.

सहाव्या दिवशी थोरलीनं डबा सोडायला लावला. गुराखी पोरगं एका बाजूला, मी एका बाजूला. ती पालथी पडली, फरशीवर पडायची तशीच, आणि निघाली. आठ हात. दहा हात. तोंड वर काढून, पाणी थुंकत. आज्जीनं काठावरून हाक मारली, "पाय लागत न्हाईत का रं तिचं खाली?"

"नाही."

"मग कशावर हाय ती?"

"पाण्यावर."

आज्जीनं काठी मांडीवर घेतली. "आगं बया," म्हणाली. पुन्हा विचारलं, "म्हंजी खाली कायच न्हाई?" मी म्हणालो, काहीच नाही. ती बघत राहिली. तिला ते पटायला वेळ लागला. काही न धरता पाण्यावर राहता येतं, हे तिनं म्हशींचं बघितलं होतं, बाकीच्यांच्या पोरांचं लांबून बघितलं होतं. घरातल्या माणसाचं बघितलं नव्हतं.

मला अजून नीट येत नाही. दम लागतो, पाय खाली जातात. गुराखी म्हणतो, काका तुमी लै इचार करता पाण्यात.

बुद्ध पौर्णिमा आम्ही तिथंच केली. विहारात खीर झाली. वस्तीतल्या पोरांनी एकमेकांत ठरवलं की रोज सकाळी जायचं, लहान पोरांबरोबर एक मोठा माणूस, आणि मोठ्या माणसाच्या आळ्या कॉलेजातल्या त्या पोरानं वहीत लिहून काढल्या. हे मला मोर्चापेक्षा अवघड वाटतं. मोर्चा एक दिवस असतो.

सोलापूरला परत येऊन मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, संबंधित खात्याकडं, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. २००५ चा कायदा आहे, वाचणाऱ्यांनी आपापल्या तळ्यासाठी वापरून बघावा. तीन गोष्टी मागितल्यात. तलाव कुठल्या साली, कुठल्या पैशातून झाला. मासेमारीच्या ठेक्याची नक्कल, त्यातल्या अटींसकट. आणि तिसरी गोष्ट कलमात कुठं बसते मला माहीत नाही, पण मागितलीय. १९७२-७३ चं त्या कामाचं मस्टर.

ते आज्जीसाठी. निघताना ती एसटीच्या थांब्यापर्यंत आली होती. म्हणाली, सालभर मी त्या वहीवर आंगठा उठवला. मुकादमानं आंगठ्याम्होरं काय नाव लिवलं हुतं, मला कवा वाचून दावलं न्हाई. माझंच लिवलं हुतं का दुसऱ्या कुणाचं, बग तेवढं.

पन्नास वर्षांपूर्वीचं मस्टर कुठल्या कपाटात असेल, वाळवीनं ठेवलं असेल का, ते उत्तर आल्यावर कळेल. तीस दिवस अजून भरायचेत. काल गुराख्याचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. म्हणाला, काका, पाणी गुडघ्यावर आलंय, आता नुसता चिखल हाय, म्हशी लोळत्यात. मासे घमेल्यानं धरून नेले त्यांनी. पाऊस पडला की या, थोरलीला उलटं पोहायचं शिकवायचंय.